ओ द्यायची नाही

१

माझ्या बहिणीचा नवरा एउसेबियो हा कोलंबिया नावाच्या मुलखातला होता. ठाण्यात हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. आमचा शेजारी गुणाजी कोळी त्याला सिलोनचा समजून शेवटपर्यंत ‘कोलंबोवाला’च म्हणत राहिला. एउसेबियो जहाजावरचा सुतार. मुंबई बंदरात तापाने पडला, जहाज त्याला सोडून निघून गेलं. बरा झाल्यावर मचव्यांच्या कामासाठी ठाण्याच्या खाडीवर आला, आमच्या ख्रिस्ती देवळात बिट्रिसला पाहिलं, आणि इथलाच झाला.

आमची बोली तो दोन वर्षांत शिकला. पण ट, ठ, ड, ढ ही अक्षरं त्याच्या जिभेवर कधी बसली नाहीत. ठाण्याला ‘ताणे’ म्हणे आणि रेल्वेची ‘गादी’ आली म्हणून सांगे. त्यावरून आमची भाची एडना हसून लोळायची.

वर्ष संपत आलं की त्याच्या मुलखाच्या रीती सुरू होत. सात डिसेंबरला तो अंगणभर पणत्या लावी, तेव्हा शेजारपाजारचे म्हणत, यांची दिवाळी उशिरा आली. सोळा तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ संध्याकाळ घरात मांडलेल्या गव्हाणीपुढे प्रार्थना. ती त्याच्या भाषेतली. अर्थ न कळता आम्हाला ती पाठ झाली होती. आणि त्याच नऊ दिवसांत एक खेळ चाले. कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. ज्याने चुकून ओ दिली तो हरला, आणि जिंकणारा मागेल ते त्याने द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. मग ते नऊ दिवस आमचं घर म्हणजे मुक्यांचं घर होई. कोणाला काही हवं असलं तर त्याने उठून समोर यायचं आणि खांद्याला हात लावायचा. तसं केलं की बोलायला मोकळीक.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. लग्न केलं नव्हतं, बहिणीकडेच राहत असे. मी वर्षानुवर्षं औषधं मोजून बाटल्या भरणारा माणूस. हे सांगतो ते एवढ्यासाठी की पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या प्रत्येक गोष्टीला मी आधी दुसरं कारण शोधून पाहिलं.

२

सन १८८७. सोळा डिसेंबरच्या सकाळी एउसेबियो कल्याण बंदरात एक मचवा दुरुस्त करायला होडीने निघाला. “उद्या चारला परत,” एडनाच्या खांद्याला हात लावून तो म्हणाला, आणि वळणावरून त्याने मुद्दाम तिला दोन हाका मारल्या. तिने ओठ गच्च मिटून नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी मी तीनला घरी आलो. बिट्रिस चुलीपाशी तांदळाच्या पिठाचे आणि छेन्याचे गोळे तळत होती. हे त्याच्या मुलखाचं पक्वान्न, आणि त्याला ते गरम लागत. एडना गव्हाणीत गवत पसरत होती. दुपारीच बिट्रिसने मागचं अंगण सारवलं होतं. ओल्या शेणाचा वास घरात येत होता.

चारच्या सुमाराला मागच्या दाराशी हाक आली.

“बिट्रिस, दार उघड गो.”

बिट्रिसने पिठाचा हात तोंडावर दाबला. तिचे खांदे हसण्याने हलत होते. एडनाने दोन्ही गाल फुगवले.

“बिट्रिस. अगं दार उघड.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि श्वास रोखले. मग हाक खिडकीकडून आली. “एडना, ये बघ, काय आणलंय तुला.” मग पुढच्या ओट्यावरून, अगदी शांतपणे, “गॅब्रिएल.”

त्यानंतर काही नाही. कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं. थोड्या वेळाने एडना चवड्यांवर गेली आणि त्याला घाबरवायला मागचं दार एकदम उघडलं.

अंगणात कोणी नव्हतं. सारवण अजून ओलं होतं. त्यावर कोंबड्यांच्या पायांच्या खुणा होत्या, माणसाची एकही नव्हती.

मी म्हटलं, “कडेच्या दगडांवरून आला असेल. लबाड आहे.” बिट्रिसलाही ते पटलं. तिने गोळे झाकून ठेवले. संध्याकाळी प्रार्थनेला तो आला नाही. गोळे सकाळपर्यंत तसेच राहिले.

३

अठराला मी दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि गुणाजीला कल्याणला पाठवलं. चारच्या आधी तो परत येणं शक्य नव्हतं. चार वाजले, आणि मागच्या दाराशी पुन्हा तीच हाक.

या वेळी कोणी हसलं नाही. बिट्रिस ताडकन उठली. “आता पुरे झाला खेळ,” ती पुटपुटली आणि कडी काढून तिने दार उघडलं. समोर ऊन होतं, ओहोटीचा चिखल होता आणि दोरीवर वाळत घातलेला त्याचा सदरा होता. आम्ही उघड्या दारातून बघत असतानाच हाक पुढच्या ओट्यावरून आली.

“बिट्रिस, दार उघड.”

मी धावत पुढे गेलो. ओटा रिकामा होता.

“गॅब्रू, त्याला काय झाला असंल? मी देते ओ,” बिट्रिस म्हणाली. “तो जखमी असंल तर? कुटंतरी पडला असंल तर?” तिने तोंड उघडलं, आणि मी तिचा दंड धरला.

का धरला ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. संध्याकाळी दिवा लावताना ते उमगलं. एउसेबियो ‘उघद’ म्हणायचा. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही स्वच्छ ‘ड’ निघाला नव्हता. दाराशी येणारा आवाज त्याचाच होता, घोगरा, शेवटी जरा वर जाणारा. पण तो ‘उघड’ म्हणत होता, आपण म्हणतो तसं.

मी मनाला समजावलं, कान फसवतात. आपण ज्याची वाट बघतो ते ऐकू येतं, आणि आपल्या जिभेवर जो उच्चार बसलेला तोच कानाला येतो. तापातल्या रोग्यांना मी स्वतः असं सांगत असे.

रात्री गुणाजी परतला. बंदरात एउसेबियो पोचलाच नव्हता.

४

पुढचे तीन दिवस रोज चारला तो आवाज येई. एकोणिसाला दाराला टेकून बोलल्यासारखा आला. लाकडाची फळी त्याच्या शब्दांबरोबर थरथरताना मी पाहिली. विसाला तो छपरातून आला, कौलांच्या खालून. बिट्रिस दोन्ही कानांत कापूस घालून गव्हाणीपुढे बसे. घर सोडायला ती तयार नव्हती. “तो आला आणि घर बंद दिसला तर?” एवढंच म्हणे. एकविसाला दवाखान्यात पटकीचे रोगी आले म्हणून मला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. घरी आलो तेव्हा बिट्रिस म्हणाली, आजही आला होता. एडना माझ्याकडे न बघता गव्हाणीतलं गवत सारखं करत राहिली.

बावीसला मुंब्र्याच्या बाजूला, कांदळवनात, त्याचं प्रेत सापडलं.

ओळख पटवायला मीच गेलो. खूप प्रेतं मी पाहिली होती, त्यामुळे पाण्यात किती दिवस गेले ते कोणी सांगायची गरज नव्हती. तिथल्या एका कोळणीने होडी उलटलेली पाहिली होती. सोळा तारखेला, दुपारच्या भरतीला. म्हणजे आमच्या दाराशी पहिली हाक आली तेव्हा तो एक दिवस पाण्याखाली होता.

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एक जिवंत माणूस मदतीसाठी दार ठोठावत होता आणि आम्ही खेळ म्हणून हसत बसलो, हा विचार पाच दिवस मला खात होता. ते ओझं उतरलं. मग परतीच्या वाटेवर होडीत बसलेला असताना दुसरा विचार आला. दाराशी एउसेबियो नव्हता, तर मग कोण होतं?

तेवीसला देवळामागे त्याला मूठमाती दिली. गुणाजी आणि त्याची बायको हौसाबाई आमच्याबरोबर घरापर्यंत आले. दाराला मी स्वतः कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या हातात होती. ती कुलपात घातली, आणि आतून, मधल्या खोलीतून, आवाज आला.

“आलात का?”

गुणाजी म्हणाला, “घरात कोन हाय रं?”

तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की हे आम्हा तिघांच्या डोक्यातलं आहे. गुणाजीने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि तो आधारही गेला. मी किल्ली काढून घेतली. त्या रात्री आम्ही गुणाजीच्या घरी झोपलो.

५

चोवीसच्या सकाळी हौसाबाईने पुढ्यात ठेवलेली भाकर एडनाने तशीच ठेवली. मी जवळ बसलो. तिने माझ्या खांद्याला हात लावला.

“मामा, मी हरले.”

“कधी?”

“तू दवाखान्यात होतास त्या दिशी. मी न्हाणीत होते. एकदम कानापाशी हाक मारली. मी ‘काय’ म्हटला.”

“मग?”

“मग तो हसला. म्हनाला, चोवीसला मागेन.” तिने भाकरीचं ताट दूर सारलं. “मामा, तो पापा नव्हता. पापा मना ‘एदना’ बोलायचा.”

आठ वर्षांची पोर. तिला ते पहिल्या हाकेलाच कळलं होतं, आणि आम्ही घाबरू म्हणून तिने ते पोटात ठेवलं होतं.

मी दुपारभर विचार केला. बिट्रिसला काही सांगितलं नाही. एडनाला मात्र बजावलं, आज माझीही हाक आली तरी ओ द्यायची नाही, हौसाबाईचा हात सोडायचा नाही. साडेतीनला मी किल्ली घेऊन निघालो. माझा हिशेब साधा होता. ते घरात माझ्याजवळ असलं तर इथे तिच्याजवळ नसेल.

दार उघडलं तेव्हा घर होतं तसंच होतं. गव्हाणीतलं गवत, चुलीवरची उपडी कढई, खुंटीवरची त्याची टोपी. बाहेर भर ऊन होतं, कौलांच्या फटींतून त्याच्या सळया जमिनीवर पडल्या होत्या. मी ओटीवरच्या बाकावर बसलो. मधल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. ते मी उघडं ठेवलं होतं की नाही, आठवेना. कुठेतरी थेंब पडत होता. घरात पाण्याचं एकही भांडं भरलेलं नव्हतं.

देवळात चारचे टोले पडले.

“एडना,” मधल्या खोलीतून आवाज आला. “चल, दे आता.”

मी उठलो. मोठ्याने, खेळात ओरडायचो तसा ओरडलो, “ओ! मी दिली ओ! मी हरलो. ती लहान आहे, तिचं धरायचं नाही. माझ्याकडे माग.”

थेंब पडायचा थांबला.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कोणीतरी उभं होतं. भिंतीच्या इतकं जवळ, की कपाळ टेकलं असावं. मला गालाची कड दिसत होती. तोंड उघडं होतं, आवळून बांधलेल्या गाठोड्याची गाठ सुटावी तसं. ते हलत नव्हतं. ओठ नाही, जीभ नाही, काही हलत नव्हतं. तरी त्यातून शब्द येत होते.

“गॅब्रिएल,” ते म्हणालं. “बरं. तू दे.”

मग ते भिंतीकडून वळायला लागलं.

पुढचं मी पाहिलं नाही. डोळे मिटले की पडलो, सांगता येत नाही. गुणाजी मला शोधत आला तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो, असं तो सांगतो. त्याने विचारलं, काय झालं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

६

तेव्हापासून मला वाचा नाही. सिव्हिल सर्जनने घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की भीतीच्या धक्क्याने असं होतं, महिन्या-दोन महिन्यांत परत येईल. मी पाटीवर लिहिलं, होय साहेब. अशा रोग्यांना मी स्वतःच्या हाताने औषधं दिली होती. आजही मी त्या कारणाला चिकटून आहे. दुसरं धरायला काही नाही.

खाडीवरचं घर आम्ही जानेवारीतच सोडलं आणि तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या. बाटल्या भरायला वाचा लागत नाही, त्यामुळे माझी नोकरी टिकली. एडना माझ्या ओठांकडे बघून सगळं ओळखायला शिकली. वर्षभर काही झालं नाही. प्रार्थना, खेळ, काहीच करायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं.

सोळा डिसेंबरला दुपारी मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतो. एडना शेजारी पाटीवर गणित करत होती. बिट्रिस मागे स्वयंपाकघरात होती. तिथून मी तिला दिसत नव्हतो.

परसातून हाक आली. “बिट्रिस! अगं बिट्रिस, जरा इकडे ये.”

माझा आवाज. वर्षभरात मी तो विसरत चाललो होतो. पण तो माझाच होता, दवाखान्यातून दमून आल्यावरचा, थोडा त्रासिक.

एडनाने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली लेखणी पडली. मी सूप टाकून उठलो. आतून बिट्रिसचा आनंदाचा हुंदका ऐकू आला. तिला वाटलं, भावाची वाचा परत आली. ‘थांब’ म्हणून ओरडायचं होतं मला. काय ओरडणार? खोली ओलांडून मी स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा ती दाराकडे निघाली होती आणि ‘आले’मधला ‘आ’ तिच्या तोंडून निघाला होता. मी मागून तिचं तोंड दाबलं. इतक्या जोरात की तिच्या ओठातून रक्त आलं.

परसात मी तिला हाका मारत राहिलो. दिवेलागणीपर्यंत.

पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. नऊ दिवस आम्ही तिघं एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसायचो. कोणी ओ दिली नाही. पण एक गोष्ट मला त्या भीतीपेक्षाही खात आली आहे. कधीकधी चारच्या सुमाराला एडना डोकं वर करून ऐकत असे, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नसे. मामाचा आवाज तिला वर्षातून नऊच दिवस ऐकायला मिळत होता.

७

गेल्या फेब्रुवारीत एडनाचं लग्न झालं. जावई ऑस्वल्ड कल्याणला रेल्वेत आहे. भला, हसतमुख मुलगा आहे. मी त्याला सगळं लिहून कळवलं, अगदी या कागदांवर आहे तसं. त्याने आदराने उत्तर पाठवलं. मामांनी काळजी करू नये, तो म्हणतो, लहानपणच्या दुःखाने माणसाच्या मनावर असे ओरखडे राहतात, आणि एडना आता सुखात आहे. तिला सातवा महिना लागला आहे. तिने खाली दोन ओळी घातल्या होत्या, की मला सगळं आठवतं, मी ओ देणार नाही. ऑस्वल्ड कामावर गेला की दिवसभर ती एकटी असते, हेही त्याच पत्रात होतं.

आज सोळा डिसेंबर, सन १८९९. जेवण झाल्यावर मी हे लिहायला बसलो. बिट्रिस माझ्यासमोर जपमाळ घेऊन बसली आहे. दारं सताड उघडी ठेवली आहेत. ती बंद ठेवून काही उपयोग होत नाही, हे आम्ही कधीच शिकलो.

देवळात चार वाजले. आम्ही दोघांनी हात धरले.

परसात एक कावळा ओरडला. रस्त्यावरून बैलगाडी गेली. शेजारी कोणीतरी पाणी ओतलं. आम्ही ऐकत राहिलो. सव्वाचार झाले. साडेचार झाले.

“नाय आला,” बिट्रिस हळूच म्हणाली. बारा वर्षांनी तिचा चेहरा सैल झाला होता. तिने क्रुसाची खूण केली. “गॅब्रू, आला नाय. सुटलो रे आपन. गेला एकदाचा.”

मी तिच्याकडे पाहत होतो. तिने माझं तोंड पाहिलं, आणि तिचा खूण करणारा हात छातीवरच थांबला.

“कुटं गेला?” तिने विचारलं.